साखरेच्या दुकानातला फिका चहा

आमचं दुकान घोडेगावात, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पुढं किराणा, मागं घर आणि मधे एक पडदा. पडद्याच्या आत माझं राज्य, बाहेर सासऱ्यांचं. सासऱ्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात आणि सासूबाईंना बाई. आम्ही मारवाडी जैन. भाऊंचे आजोबा राजस्थानातून इकडं आले, पण आता भाऊ रागावतात तेसुद्धा मराठीतच. माझं माहेर जुन्नरचं. तिथंही दुकानच होतं, पण कापडाचं.

साखरेची भीती मला त्या कापडाच्या दुकानात बसली. माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता आणि त्यातच त्यांची नजर गेली. शेवटी शेवटी ते गादीवर बसून कापड बोटांनी ओळखायचे. पोत सांगायचे, वीण सांगायचे, गिरणीसुद्धा सांगायचे, आणि मग हळूच मला विचारायचे, "रंग कुठला गं?" गिऱ्हाईक समोर असताना त्यांना ते विचारावं लागायचं, याचा मला फार त्रास व्हायचा. अजूनही होतो.

भाऊंनाही तोच आजार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं की आतल्या पडद्यावर बारीक रक्त झिरपतंय, साखर ताब्यात आली नाही तर वाचणं जाईल, तेव्हा मला वडिलांचं ते "रंग कुठला गं?" आठवलं. भाऊंना मात्र काहीच वाटलं नाही. परतताना रस्त्याच्या कडेला रसवंती दिसली, तर म्हणाले, गाडी थांबव. गाडी चालवत होते माझे यजमान. ते म्हणाले, "भाऊ, आत्ताच डॉक्टर काय बोलले?"

"साखर बंद म्हनले. उसाचं कुटं काय बोलले?"

आमच्या भागाची ही जुनी खोड आहे. आजाराला म्हणायचं शुगर, डब्यातल्या वस्तूला साखर, गुळाला औषध आणि उसाच्या रसाला फळ. मग चौघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाला वाटतच नाही.

भाऊंचं वाचणं जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. डोंगरातल्या गावांकडून सकाळची पहिली गाडी येते. तहसील आणि पंचायत समितीत काम असलेली माणसं तिच्यातून उतरतात. कचेऱ्या उघडायला वेळ असतो. मग ती आमच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसतात आणि भाऊ त्यांना पेपर वाचून दाखवतात. नुसतं वाचत नाहीत, मधेमधे शेरे मारतात, पुढाऱ्यांच्या नकला करतात, बाजारभाव वाचताना आवाज बारीक करतात. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत, तरी माणसं येतात. मला तर वाटतं, पेपर वाचणं हाच त्यांचा खरा धंदा आणि किराणा जोडधंदा.

तर मी कंबर कसली. मी जरा तापट आहे. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घरादाराला पळता भुई थोडी होते. आधी आमच्या स्वयंपाकात साखर जाते कुठं कुठं ते बघितलं, तर ती नाही कुठं असं झालं. पोह्यांत चिमूट, कोशिंबिरीत चिमूट, आमटीत गुळाचा खडा. गट्ट्याच्या भाजीला आंबट झालं म्हणून चिमूट. पाहुणा आला की लापशी, पाहुणा गेला की उरलेली लापशी. आणि जेवण झाल्यावर बाई बडीशेपेत साखर घालून तळहातावर घेणार, तो वेगळाच कार्यक्रम. आमच्या घरात गोड खाण्यात बाईंचा नंबर पहिला. भाऊ दुसरे. फरक इतकाच की बाईंची शुगर अगदी ठणठणीत. देव कुणाला काय देईल सांगता येत नाही.

मी साखरेच्या डब्यातला मोठा चमचा काढला आणि हिंगाच्या डबीतला टाकला. मुलीची बिस्किटं बंद केली, सॉसची बाटली बंद केली, सरबताची बाटली शेजारणीला देऊन टाकली. दोनचार दिवस घरात सुतक असल्यासारखे चेहरे होते. यजमान पोहे खाताना घोट घोट पाणी पीत होते. मग हळूहळू सवय झाली. मुलगी तर एक दिवस म्हणाली, आई, गाजर गोड लागतंय. मला इतका आनंद झाला की मी तिला बक्षीस म्हणून चॉकलेट द्यायला निघाले होते. वेळेवर भानावर आले.

पण भाऊंच्या रक्तातली साखर काही हलेना. घरातल्या यंत्रावर बोट टोचून बघावं तर आकडा वरच. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी तेच. मी चिडले, डॉक्टरांवर, यंत्रावर, गोळ्यांवर. शेवटी एकदा सकाळी मी पडद्याआडून नुसती उभी राहून बघितलं आणि सगळं लक्षात आलं.

दुकानाची एक रीत आहे, भाऊंच्या आजोबांपासूनची. लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला चहा द्यायचा, आणि त्याच्या हाती कप देऊन आपण नुसतं बघत बसायचं नाही. आपणही त्याच्याबरोबर घ्यायचा. त्याच्या तोंडाला चहा आणि शेठ कोरडा, तर तो चहा नव्हे, भीक झाली, असं भाऊ म्हणतात. समोरच्या हॉटेलातून चहा येणार, बासुंदीसारखा, आणि जितकी माणसं तितक्यांदा भाऊ पिणार. मी घरात हिंगाच्या चमच्यानं साखर मोजत होते आणि पडद्याच्या बाहेर पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं.

मी हॉटेलवाल्याला सांगून आले की शेठच्या दुकानात बिनसाखरेचा चहा पाठवा. दुसऱ्या दिवशी फळीवर पारगावचे पावणे बसले होते. हे भाऊंचे जुने दोस्त. शेती उसाची, कारखान्याचे सभासद. सभासदांना दिवाळीला स्वस्तात साखर मिळते, त्यातली एक पिशवी ते दरवर्षी भाऊंना आणून देतात. साखर विकणाऱ्याला साखर भेट, पण भाऊ ती पिशवी कधी दुकानात ठेवत नाहीत, घरातच वापरायला लावतात. त्या दिवशी पावणे सातबाऱ्याच्या कामाला आले होते. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"शेठ, घरात काय वाईट झालंय का?"

"का वो पावणं?"

"मयताच्या घरचा च्या लागतूया राव."

भाऊंनी तो चहा परत पाठवला आणि दोन गोड मागवले. वर पडद्याकडं बघून म्हणाले, "पावण्याचं मन मोडू न्हाई." मी आत पोळपाटावर लाटणं आपटलं. त्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं.

मग आषाढी पौर्णिमा जवळ आली आणि चातुर्मासाला महासतीजी आल्या. महासतीजी म्हणजे आमच्या साध्वी. चार महिने त्या एकाच गावात राहतात, सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मसभेच्या जागेत, व्याख्यान होतं, आणि गावातले जैन त्या चार महिन्यांसाठी काही ना काही नियम घेतात. हात जोडून, त्यांच्यासमोर, सगळ्यांदेखत. डॉक्टरांचं ऐकलं नाही तर डॉक्टर ओरडतात. हा नियम मोडला तर कुणी ओरडत नाही, पण माणूस आतून मोडतो. आमच्याकडं नियमाचं वजन असं आहे.

एक दिवस व्याख्यानात महासतीजी म्हणाल्या, जिभेला आवडणारी एक गोष्ट सोडून बघा. भाऊंच्या शेजारी बसलेले एक व्यापारी उठले आणि त्यांनी वांगं सोडलं. भाऊ खुदकन हसले. नको तिथं, नको तेवढ्या मोठ्यानं. म्हणाले, "वांग्याला तर हे जन्मात शिवले न्हाईत." स्थानकात हशा पिकला. ते गृहस्थही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग शेठ, तुम्ही साखर सोडता का?"

भाऊ उठले. मी बायकांच्या बाजूला बसले होते, मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. त्यांनी हात जोडले आणि चातुर्मास पुरा होईपर्यंत साखर, गूळ आणि त्यांचं केलेलं सगळं सोडलं. मी इकडं मनातल्या मनात त्या वांगेवाल्यांना साष्टांग नमस्कार घातला. डॉक्टर, मी, यंत्र, गोळ्या, सगळ्यांनी मिळून जे जमलं नाही ते एका टोमण्यानं झालं. आणि तेवढ्यात माझ्या शेजारी बाई उठल्या. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनीही हात जोडले आणि तेच म्हटलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्हाला कुठं शुगर आहे? तुम्ही कशाला?"

"त्येंच्या म्होरं बसून मी ग्वाड खानार व्हय?" बाई म्हणाल्या आणि बडीशेपेची डबी घेऊन बसल्या. साखर बाजूला काढून नुसती बडीशेप चघळत राहिल्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

नियम घेतल्यापासून भाऊ वेगळेच झाले. आता दुकानात चहा आला की स्वतःच सांगायचे, "माझा फिका. नियम हाय." आणि गंमत अशी की गिऱ्हाइकं ऐकायची. शुगर आहे म्हटल्यावर जी माणसं नाक मुरडत होती, ती नियम म्हटल्यावर मान डोलवायची. देवाधर्माचं आहे ना, मग बरोबर. पावणे एकदा आले, तेही काही बोलले नाहीत. त्यांनी आपला गोड घेतला आणि भाऊंनी फिका. रीतही राहिली. यंत्रावरचा आकडा खाली यायला लागला. मी प्रत्येक वेळी तो बघायचे आणि वडिलांची आठवण व्हायची. त्यांना असा कुणी टोमणा मारायला हवा होता, असं वाटायचं.

पण भाऊंचं कुठलंही काम अति. दुकानात एक किलो मागितलं तर थोडं वर घालणार. नियमांचंही तेच. चातुर्मासात सूर्य मावळल्यावर ते पाणीसुद्धा घेत नव्हते. सकाळी सूर्योदयानंतर ठरलेली वेळ टळली की पाण्याबरोबर गोळी घ्यायचे आणि तसेच व्याख्यानाला जायचे. परत आल्यावर, पेपर झाल्यावर, मग जेवायचे. गोळी घेतलीय, म्हणजे औषध वेळेवर चाललंय, असं आम्ही सगळे समजत होतो. गोळी मोठी होती, पडद्याबाहेरच्या गोड चहाच्या हिशेबानं वाढवलेली. चहा गोड होता तेव्हा ती पुरत नव्हती. आता चहा फिका झाला, रात्रभर पोट रिकामं, आणि गोळी तेवढीच. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शुगर वाढते एवढंच आम्हाला माहीत होतं, ती जीवघेणी खाली जाऊ शकते हे डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं, पण ते दुसऱ्या कुणासाठी असावं असं वाटलेलं.

त्या दिवशी भाऊ व्याख्यानाहून येऊन गादीवर बसले होते. फळीवर पाचसहा माणसं होती, पारगावचे पावणेही होते. भाऊंनी पेपर उघडला आणि वाचायला लागले. मी आत भाकऱ्या थापत होते. त्यांचा आवाज मधेच थांबला. मला वाटलं नक्कल करतायत. मग पावण्यांची हाक आली, "सूनबाई, भाईर या! शेठ घामाघूम झाल्यात. काय बी बोलंनात."

मी पिठाच्या हातानं धावले. भाऊंचा सदरा भिजलेला, हात थरथरत होते, डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते. तेवढ्यात मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं, असं झालं तर आधी साखर द्या. दुकानात साखरेचं पोतं उघडंच होतं. मी मूठभर साखर ग्लासात टाकली, पाणी ओतलं, बोटानंच ढवळलं आणि ग्लास भाऊंच्या ओठाला लावला.

भाऊंनी दात आवळले.

"भाऊ, प्या. शुगर खाली गेलीय."

त्यांनी मान हलवली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळला. "नेम."

मी विनवलं, ओरडले. पावणे म्हणाले, "शेठ, जीव ऱ्हायला तर नेम." काही उपयोग नाही. भान हरपत चाललेला माणूस सगळं विसरला होता, माणसं, जागा, दिवस; नियम तेवढा धरून बसला होता. मला माझा भयंकर राग आला, नियमांचा राग आला, त्या वांगेवाल्यांचासुद्धा आला. भाऊंचे ओठ उघडायला मी जोर लावत होते आणि पाणी हनुवटीवरून सांडत होतं.

पडदा बाजूला सारून बाई आल्या. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, भाऊंच्या समोर अशा उभ्या राहिल्या की त्यांना दिसावं, आणि ग्लासातलं साखरेचं पाणी स्वतः प्यायल्या. चांगला मोठा घोट. मग म्हणाल्या, "माझा मोडला. आता एकटं ऱ्हाता का संगं येता?"

भाऊ त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांचे दात सुटले. बाईंनी ग्लास लावला आणि ते घटाघटा प्यायले.

थोड्या वेळानं त्यांचे हात थांबले. घाम सुकला. पावण्यांनी पेपरनं वारा घातला. भाऊंनी पहिल्यांदा विचारलं ते असं, "तू का पिलीस?" बाई म्हणाल्या, "तहान लागली व्हती." आणि आत जाऊन माझी तव्यावर राहिलेली भाकरी काढली. ती पार कोळसा झाली होती.

डॉक्टरांनी गोळी कमी केली, खाल्ल्याशिवाय गोळी घ्यायची नाही म्हणून दम भरला आणि खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली. संध्याकाळ व्हायच्या आत भाऊ बाईंना घेऊन स्थानकात गेले. मीही गेले. भाऊंचा चेहरा चोरी केलेल्या माणसासारखा झाला होता. महासतीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजारात औषध म्हणून घ्यावं लागलं तर त्याची सूट नियमातच असते. "शेठ, तुमचा नियम मोडलेला नाही. आणि खिशात खडीसाखर ठेवा, ते औषधच आहे."

भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी विचारलं, "आन हिचा?"

"त्या आजारी नव्हत्या," महासतीजी एवढंच म्हणाल्या.

बाई हसत होत्या. त्यांना जणू हे आधीच माहीत होतं. त्यांनी प्रायश्चित्त मागितलं, महासतीजींनी एक आयंबिल दिलं. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, आणि त्यात तेल, तूप, दूध, गोड काही नाही. नुसतं उकडलेलं धान्य. बाई ते खात होत्या तेव्हा भाऊ शेजारी पाट घेऊन बसून होते. बाईंचं ताट संपेपर्यंत हलले नाहीत.

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपला. भाऊंचा नियम पुरा झाला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, झिरपणं थांबलंय, आता हे असंच चालू ठेवा. चालू ठेवा म्हणणं सोपं असतं. माझ्या मनात धाकधूक होती. आता नियम नाही, म्हणजे हॉटेलचा चहा आहे, फळीवरची माणसं आहेत, आणि मी पुन्हा पडद्याच्या आत. पुढच्या आषाढापर्यंत त्यांच्या डोळ्यांत काय उरेल, याचा विचार करून मला घास गोड लागत नव्हता. फिकाही लागत नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी पारगावचे पावणे आले. दिवाळीची साखरेची पिशवी यंदा उशिरा आणली होती. पिशवी भाऊंच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "शेठ, चातुरमास सरला. आता माझ्या साखरंचा च्या हून जाऊ द्या. घरचा, हाटेलचा नको."

मी आत चहा टाकला. पिशवी फोडून डब्यात ओतली, चमचा हातात घेतला आणि पडद्यापाशी जाऊन विचारलं, "भाऊ, तुमचा कसा करू?"

भाऊंनी पेपरातून डोकं वर केलं नाही. "फिका."

पावण्यांचा चेहरा उतरला. "आता का राव? नेम तर झाला."

"माझा झाला, पावणं," भाऊ म्हणाले. "हिचा माझ्यापायी मोडला. त्यो मी पुढं चालवतोय."

"आन त्यो कवा पुरा व्हायचा?"

"ती पुरा म्हनंल तवा."

बाई माझ्या मागं ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. बाईंनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला, पावण्यांच्या कपात साखर घातली, सढळ हातानं घातली, आणि डब्याचं झाकण लावता लावता बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांगते की. घाई कुटं हाय?"